सातव्या कप्प्यातली साधी पाकोळी

२ जून

धाकटे,

टाचणीवाल्याच्या मुली आपण दोघी. तू कितीही मोठ्या खुर्चीत बसलीस आणि मी कितीही मोठ्या सभेत बोलले, तरी आपला गोतावळा तोच. बाटल्या धुणारे, चिठ्ठ्या लिहिणारे, खोक्यांत डांबराच्या गोळ्या भरणारे, दुसऱ्यांच्या नावाचे किडे आयुष्यभर सरळ रांगेत टाचणारे. या सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. जो रोज बघतो त्याला नाव द्यायचा अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे त्याला बघायला वेळ नाही. तू आहेस त्याच संग्रहालयात बाबांनी चौतीस वर्षं नमुने टाचले. हजारो चिठ्ठ्यांवर त्यांचं अक्षर आहे, नाव एकावरही नाही.

एकोणीस वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि सुरुवात भाषणानं करते आहे, हे माझं मलाच दिसतंय. आई असती तर म्हणाली असती, ‘लागला गं बाई भोंगा.’ पण मला दुसरी सुरुवात येत नाही.

बाबांची नजर गेली. सगळी नाही. मधला भाग गेलाय, कडेचं दिसतं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघतात. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तर त्यांना म्हणाले, “म्हणजे मी आमच्या साहेबांसारखा झालो म्हणा. समोरचं सोडून सगळं दिसतं.” डॉक्टर हसले. मी बाहेर येऊन रडले.

तरी त्यांचं टेबल मी हलवलेलं नाही. तेच खिडकीपाशी, दिव्याची मान तशीच वाकडी. बुचाची पाटी, पापणीच्या केसाचा ब्रश, आणि त्या डोकं नसलेल्या टाचण्यांची डबी. आठवतं? तू विचारलं होतंस, “बाबा, यांना डोकं का नाही?” आणि ते म्हणाले होते, “बारीक, टोकदार आणि बिनडोक. असल्याशिवाय आमच्या खात्यात बढती मिळत नाही.” परवा ते त्या डबीवरून नुसतं बोट फिरवत बसले होते. मग मला म्हणाले, “थोरले, रुसकीचं काही कळलं का गं?”

रुसकी. ही पाकोळी जिवंत बघितलेली माणसं जगात चारच होती, आता तीन उरली. तुला ती कोण हे सांगायला नको. दाण्याएवढा मातकट पतंग, पंखाच्या टोकाला नखाच्या कोरीसारखी चंदेरी रेघ. ती वेगळ्या जातीची आहे असं बाबा म्हणाले, तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. आज एकोणऐंशी आहेत. अजून तेच म्हणतात.

माझी मागणी सरळ आहे. ‘रुसकी साधीच’ हा निकाल पुन्हा उघड. निकालाखाली सही तुझी आहे, म्हणून उघडायचा अधिकारही तुझाच. बाबांच्या निरोपसमारंभात मी तुझ्याबद्दल जे बोलले त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको.

ताई

१२ जून

धाकटे,

पत्र मिळालं. पत्र कसलं, कार्यालयीन उत्तर. ‘फेरतपासणीसाठी नवा पुरावा लागतो. तो असल्यास कळवावे.’ कळवावे! निदान ‘कळव’ तरी लिहायचंस. मी ते बाबांना वाचून दाखवलं तर हा माणूस खूश! “बघ, किती नेमकं लिहिते. एक शब्द जास्त नाही. तुझ्याकडून शिकली नाही हे बरं झालं.”

खाली जे जोडलं आहेस, की कपाटं रिकामी करायची आहेत आणि साध्या जातींचे जादा नमुने तीस जूनला शाळांना वाटून टाकणार, ते मला सांगायचं कारण कळलं नाही. वाटा की. पोरांना तरी बघू देत.

पुरावा म्हणतेस. बरं. ज्या सकाळी रुसकी दिसली ती सकाळ हाच माझा पुरावा.

क्वार्टरच्या मागच्या भिंतीवर तो वेल होता. पुढे भिंत पाडली तेव्हा गेला. तू सात वर्षांची होतीस. धावत येऊन म्हणालीस, “बाबा, पानावर कुणीतरी खडूनं लिहिलंय.” दाढीचा साबण तसाच गालावर घेऊन ते तुझ्यामागं गेले. पानावर पांढरी नागमोडी रेघ होती. त्यांनी पान उजेडासमोर धरलं आणि तुला दाखवलं, की पानाच्या दोन सालींच्या मधोमध एक अळी राहते, खात खात पुढं जाते, आणि ती रेघ म्हणजे तिनं चाललेली वाट. तू विचारलंस, “तिला आत श्वास कसा येतो?” ते म्हणाले, “हे मला माहीत नाही. उद्या सांगतो.” आपल्या बापाला ‘माहीत नाही’ म्हणायची लाज वाटत नसे. पुढं आयुष्यात मी किती पुढारी, किती विद्वान बघितले! हे वाक्य त्यांच्या तोंडून काढायचं म्हणजे दाढ काढण्यासारखं.

पानं बरणीत गेली. तळाला ओला कापूस, तोंडाला जुन्या पडद्याचा तुकडा. आई म्हणाली, “लोणचं ठेवायची बरणी आहे ती. आता तुमची पाखरंच तोंडी लावा.” अकरा दिवस आपण दोघी शाळेत जाण्याआधी त्या काचेला नाक लावत होतो. काचेवर आपल्या श्वासाचे दोन गोल उमटायचे, तुझा खाली, माझा वर.

बाराव्या सकाळी ती बाहेर आलेली होती. काचेवर डोकं खाली, शेपूट वर करून, आपल्या सगळ्यांकडे पाठ करून बसलेली. तू म्हणालीस, “ही रुसलीय.” झालं, नाव पडलं. दुपारी त्याच बरणीतून आणखी चार बाहेर आल्या. त्या साध्या जातीच्या. त्या काचेला चपट्या चिकटून बसल्या. बाबा तासभर बघत होते. आईला म्हणाले, “बसायची पद्धत वेगळी म्हणजे घरच वेगळं.” आई म्हणाली, “मग तुमच्या या दोन्ही मुली वेगवेगळ्या घरच्या आहेत.”

मोठ्या साहेबांनी काय उत्तर दिलं ते तुला बाबांच्या तोंडून शंभरदा ऐकायला मिळालंय. “मेलेला किडा जिवंतपणी कसा बसत होता हे कागदावर येत नाही हो. रेघ म्हणाल तर पंखाचे खवले घासलेत. साधीच आहे, ठेवा सातव्या कप्प्यात.” भिंगसुद्धा उचललं नाही त्यानं. सत्तावीस वर्षं ती त्या कप्प्यात पडून राहिली.

बाबांच्या वहीत रुसकीच्या बसण्याचं चित्र आहे, खाली तारीख आहे. त्या पानाची नक्कल सोबत पाठवते आहे. हा माझा पुरावा.

ताई

ता. क. तीस जूनला जे वाटणार आहेत ते नेमक्या कुठल्या कप्प्यातले? सहज विचारते.

१९ जून

धाकटे,

‘चित्र हा पुरावा होत नाही, हे बाबांनीच मला शिकवलं. वाटायचे नमुने सातव्या कप्प्यातले. तू सहज कधी काही विचारत नाहीस. काय झालंय?’

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला. चौथ्यांदा लक्षात आलं, की एकोणीस वर्षांनी मला कुणीतरी ‘काय झालंय’ असं विचारलंय.

थोडं सांगते. पूर्ण सांगेन की नाही, माहीत नाही.

रुसकी आली त्याच वर्षीच्या हिवाळ्यात शाळेत वक्तृत्वस्पर्धा होती. मी बारा वर्षांची. विषय प्रामाणिकपणा. हसू नकोस. मी बाबांच्या खुर्चीवर उभी राहून सराव करत होते, टेबल म्हणजे माझं व्यासपीठ. घरात तू नव्हतीस, आई नव्हती. बाबांनी त्या बरणीतल्या पाचही पाकोळ्या टाचून, चिठ्ठ्या लावून, खोकं उघडं ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांना द्यायचं म्हणून. शेवटचं वाक्य आलं आणि मी मूठ आपटली.

तू हे जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त जाणतेस, की वाळलेली पाकोळी म्हणजे काय असते. शिंकसुद्धा पुरते. खोकं बोटभर उडालं असेल. झाकण नव्हतं. मी वाकून बघितलं तर रुसकीचं पोट छातीपासून तुटून खाली पडलेलं.

मी आगपेटीतली काडी जिभेनं ओली केली, त्या काडीवर ते पोट उचललं, आणि वह्यांना कागद चिकटवायचा डिंक होता ना, त्याचा ठिपका देऊन ते परत जागेवर बसवलं. पुढं सदतीस वर्षं ग्रंथालयाच्या बांधणी विभागात मी डिंकावरच पोट भरलं, पण तेवढा बारीक ठिपका पुन्हा कधी जमला नाही. बाबा आले, त्यांनी झाकण लावलं, काही बोलले नाहीत.

स्पर्धेत दुसरा नंबर आला.

एवढंच. यानं तुझ्या निकालात काही फरक पडत नसेल, हे मलाही कळतं. तुटलेलं पोट परत चिकटवलं तरी पोट तेच असतं.

ताई

२५ जून

धाकटे,

तुझं उत्तर आलं. एकच ओळ. ‘ताई, एकटं तिचंच पोट तुटलं होतं का?’

किती नेमकं विचारतेस गं. बाबा म्हणाले ते खरं.

नाही. दोन तुटली होती.

रुसकीचं, आणि तिच्या शेजारच्या साध्या पाकोळीचं. दोन्ही पोटं खोक्याच्या तळाला शेजारी शेजारी पडली होती. दोन करड्या फुसक्या काड्या, एकीपासून दुसरी ओळखू न येणाऱ्या. कुठलं कुणाचं, मला कळलं नाही. मी अंदाजानं लावली. धाकटे, मी अंदाजानं लावली, आणि गेली सेहेचाळीस वर्षं जगाला ठणकावून सांगत फिरते आहे की बघितल्याशिवाय बोलू नका.

बाबांना निवृत्तीची भेट म्हणून तू रुसकीला कप्प्यातून बाहेर काढलंस. तुला त्यांना एक नाव द्यायचं होतं, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तू मला आधीच सांगितलंही होतंस, “ताई, या जातींची खरी ओळख पंखात नसते, पोटाच्या टोकाशी, जननांगांच्या घडणीत असते. पोट वेगळं करून दाहक द्रावणात उकळायचं, उघडायचं, काचपट्टीवर ठेवायचं, मग खोटं बोलायला जागाच राहत नाही.” आणि तू पांढरी पडून घरी आलीस. म्हणालीस, “बाबा, सगळं साध्या जातीचं आहे. मी तीनदा बघितलं.”

त्या क्षणी मला कळलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी होते मी. माझ्या हातात पेला होता. दुसऱ्या कुणालाही कळणं शक्य नव्हतं, तुलासुद्धा नाही, कारण डिंक तुझ्या त्या उकळत्या द्रावणात विरघळून गेलेला. मला कळलं, आणि मी गप्प बसले. बारा वर्षांच्या पोरीनं गप्प बसणं मी समजू शकते. एकोणचाळीस वर्षांच्या बाईचं काय? आठ दिवसांनी ती बाई निरोपसमारंभात माईकसमोर उभी राहिली, आणि म्हणाली, “काही जणांना खुर्ची मिळाली की बापही किडा दिसायला लागतो.” केवढ्या टाळ्या पडल्या! तू तिसऱ्या रांगेत होतीस. मी तुझ्याकडे बघूनच बोलले. ज्याला स्वतःचं पाप झाकायचं असतं तो सगळ्यात मोठ्यानं बोलतो. हे मी विरोधकांबद्दल अनेक सभांत सांगितलंय. उदाहरण कायम घरातच होतं.

बाबा त्या संध्याकाळी एवढंच म्हणाले होते, “तिला जे दिसलं ते तिनं लिहिलं. मीसुद्धा तेच केलं असतं.” तू तेव्हा निघून गेलेली होतीस. हे तुला मी आज सांगते आहे. हेही माझंच पाप.

काल सकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते खिडकीशी बसले होते, चहा पुढ्यात. मी खाली जमिनीवर बसले, लहानपणी बसायचे तशी. मूठ आपटली तिथपासून माईकपर्यंत. ते माझ्या कानाकडे बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले,

“डिंक जास्त झाला होता.”

“काय?”

“रुसकीच्या छातीपाशी, आणि तिच्या शेजारणीच्याही. मोत्यासारखा चमकत होता. मी घरी आलो आणि झाकण लावायला वाकलो, तेव्हाच दिसला. माझं काम होतं गं ते, मला दिसणार नाही?”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझी स्पर्धा होती दुसऱ्या दिवशी. म्हटलं, भाषण विसरेल पोर.” थोडा वेळ चहा फुंकत राहिले. “पण मला वाटलं, जिचं तिलाच लावलं असशील.”

मी म्हटलं, “रागवा तरी.” तर म्हणाले, “सेहेचाळीस वर्षांपूर्वीचं आता कुठं रागावू? आणि मीही विचारायला हवं होतं. एक प्रश्न. तो मी विचारला नाही, कारण तुला वाईट वाटेल. तिकडं त्या धाकटीनं एकटीनं सगळं सोसलं.” आणि मग सरळ, कडेच्या नजरेनं मला पकडून, म्हणाले, “दुसरी कुठं आहे?”

“कोण दुसरी?”

“साधी. जिला तू रुसकीचं पोट लावलंस ती.”

धाकटे, मी एवढी पुस्तकं वाचली, एवढ्या सभा गाजवल्या, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो तुझ्या पहिल्या उत्तरात ‘साध्या जातींचे जादा नमुने’ हे शब्द वाचल्यावर. वाटा की, असं वरवर लिहिलं, आणि त्याच पत्राच्या तळाशी कप्पा विचारला. साध्या पाकोळीचं पोट कोण कशाला उघडून बघेल? माझा अंदाज चुकला असेल, तर बाबांचा सगळा पुरावा सेहेचाळीस वर्षं एका साध्या, बिनमहत्त्वाच्या नमुन्याच्या अंगावर टाचलेला आहे, आणि येत्या तीस तारखेला तो कुठल्या तरी शाळेत जाईल, आणि दुसऱ्या दिवशी एखादी बारा वर्षांची मुलगी त्याच्याजवळ मूठ आपटेल.

असंही होईल की मी पोटं बरोबर लावली होती. मग बाबा चुकले, तू बरोबर. तसं दिसलं तर तसं लिही. बाबांचंही तेच म्हणणं आहे. “तिला सांग, माझ्याकडे बघून बघू नकोस. भिंगातून बघ.” मी इथून कुठलाही निकाल मागत नाही. पहिल्या पत्रातली मागणी रद्द. निरोपसमारंभातलं ते वाक्य मागे घेते. घरात मागे घेऊन भागणार नाही, हे मला कळतं. ज्या सभागृहात बोलले तिथं, त्याच माईकवर, तुझं नाव घेऊन मागे घेईन. तारीख तू ठरव.

पण ते सगळं नंतर. आज वार गुरुवार. पत्र तुझ्या हाती उद्या पडेल, आणि मग तुझ्याकडे कामाचे दोनच दिवस उरतील. उद्या कार्यालयात गेलीस की पिशवी खाली ठेवायच्या आधी सातवा कप्पा उघड. बाबा सांगतात, तिसरी रांग, रुसकीच्या जागेच्या उजवीकडची. चिठ्ठीवर बाबांचं अक्षर, तारीख रुसकीचीच. डावी मिशी अर्धी तुटलेली आहे, तीही त्याच मुठीनं. भिंग धर, छाती आणि पोट यांच्या सांध्यात डिंकाचा पिवळा ठिपका दिसेल. मोठा आहे. बाबा म्हणतात तसा, मोत्यासारखा.

ती पाकोळी बाजूला काढ.

ताई